परका आणि पाहुणा

प्राचीन ग्रीक भाषेत ‘क्सेनोस’ असा एक शब्द होता. त्याचा एक अर्थ परका आणि दुसरा अर्थ पाहुणा. मराठीत या दोन अर्थांमध्ये एका उंबरठ्याचे अंतर आहे. परका उंबरठ्याबाहेर उभा असतो. पाहुणा आत येऊन पाटावर बसलेला असतो. ग्रीकांनी मात्र दोघांना एकच नाव दिले. आज दाराशी आलेला अनोळखी मनुष्य उद्या आपल्या पंक्तीला बसणार, हे जणू त्यांनी आधीच गृहीत धरले होते. आजच्या ग्रीक भाषेतही पाहुणचाराला ‘फिलोक्सेनिया’ म्हणतात. त्याचा सरळ अर्थ ‘परक्यावरील प्रेम’ असा होतो.

तथापि परक्याचा पाहुणा होणे वाटते तितके सोपे नाही. स्वतःच्या गावात जो मनुष्य चारचौघांत शहाणा म्हणून ओळखला जातो, तोच परमुलखात पाऊल ठेवताच लहान मुलाहूनही अजाण ठरतो. त्याला दुकानावरची पाटी वाचता येत नाही. भाजीचा भाव विचारता येत नाही. त्याने नमस्कार म्हणून केलेली खूण लोकांना शिवीसारखी वाटते, आणि लोकांनी दिलेला होकार त्याला नकार वाटतो. त्याची फजिती पाहून लोक हसतात. अशा वेळी त्याच्यापुढे दोनच मार्ग असतात. एक तर त्या लोकांना मूर्ख ठरवून मनातल्या मनात जळत बसावे, किंवा त्यांच्या हसण्यात आपलेही हसणे मिसळावे. ग्रीस देशातील कॉर्फू बेटावर जाऊन राहिलेल्या काही माणसांनी यांतील दुसरा मार्ग धरला. त्यांची हकिगत मोठी मनोरंजक आहे. आणि गंमत अशी की, त्या माणसांपैकी बहुतेकांचा जन्म भारतात झालेला होता.

कॉर्फू हे बेट ग्रीसच्या पश्चिमेस आयोनियन समुद्रात आहे. ग्रीक लोक त्याला केर्किरा म्हणतात. त्याच्या ईशान्य टोकापासून अल्बेनियाचा किनारा इतका जवळ आहे की, मधली समुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी दोन-तीन किलोमीटर भरते. या बेटावर १३८६ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसच्या व्यापारी प्रजासत्ताकाची सत्ता होती. त्या काळात ऑलिव्हच्या झाडांच्या लागवडीला उत्तेजन मिळाले. बेटावरच्या टेकड्यांना ऑलिव्हच्या पानांची जी रुपेरी-हिरवी शोभा आजही दिसते, ती त्या काळची देणगी होय. पुढे १८१५ ते १८६४ पर्यंत बेट इंग्रजांच्या संरक्षणाखाली होते. इंग्रज सैनिक तेथील मैदानावर क्रिकेट खेळत. इंग्रज निघून गेले. पण क्रिकेट काही गेले नाही! ग्रीसमध्ये दुर्मीळ असलेला हा खेळ या एका बेटावर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. परक्यांनी आणलेल्या वस्तूंना आपले म्हणण्याची सवय या बेटाला अशी जुनीच आहे.

किंबहुना ती फारच जुनी आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याचा नायक ओडिसियस याचा तराफा वादळात फुटतो आणि लाटा त्याला फेएशियन लोकांच्या भूमीवर आणून टाकतात. ती भूमी म्हणजेच कॉर्फू, अशी समजूत प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. या थोर वीराचे तेथे झालेले आगमन मुळीच थोर नव्हते. अंगावर वस्त्र नाही, सर्वांगाला खारट पाण्याचे पुट, आणि लज्जारक्षणार्थ हातात झाडाची एक डहाळी, अशा थाटात तो झुडपातून बाहेर आला. चेंडू खेळणाऱ्या मुली त्याला पाहून दाही दिशांना पळाल्या. राजकन्या नॉसिका तेवढी जागची हलली नाही. तिने त्याला अन्नवस्त्र दिले आणि आपल्या पित्याच्या वाड्याची वाट दाखविली. परक्याचा पाहुणा कसा होतो, याचा हा पहिला धडा. पाहुणचार मिळण्यापूर्वी फजिती सोसावी लागते!

१९०७ साली अकरा वर्षांचा एक मुलगा मुंबईहून या बेटावर आला. थिओडोर स्टेफनिडीस हे त्याचे नाव. त्याचा जन्म १८९६ साली मुंबईत एका ग्रीक कुटुंबात झाला होता. नाव ग्रीक, आईबाप ग्रीक वंशाचे. पण तोपर्यंत त्याला इंग्रजी तेवढी येत होती, ग्रीक येत नव्हती! असा हा मुलगा स्वतःच्याच लोकांत येऊन परका ठरला.

ग्रीक भाषेचे पहिले दोन शब्दच नवख्याला कसे चकवितात, ते पाहण्यासारखे आहे. ग्रीकमध्ये होकाराला ‘ने’ म्हणतात आणि नकाराला ‘ओही’ म्हणतात. इंग्रजी कानाला ‘ने’ हा शब्द ‘नो’चाच धाकटा भाऊ वाटतो. मराठी कानालाही त्यातला ‘न’ नकाराचीच आठवण करून देतो. आणि ‘ओही’ म्हणजे कोणीतरी आपल्या हाकेला ‘ओ’ देत आहे, असे वाटते. नवखा मनुष्य दुकानात जाऊन टोमॅटो आहेत का, असे विचारतो. दुकानदार प्रसन्न मुखाने ‘ने’ म्हणतो. नवखा खिन्न होऊन बाहेर पडतो, आणि टोमॅटोची टोपली समोर असताना हा गृहस्थ निघून का गेला, या विचारात दुकानदार पडतो.

बरे, शब्द सोडून खुणांचा आश्रय घ्यावा, तर तेथेही खड्डा आहेच. ग्रीक मनुष्य ‘नाही’ म्हणताना मान आडवी हलवीलच असे नाही. तो मान किंचित वर फेकतो. कधी तेवढेही श्रम न घेता नुसत्या भुवया उंचावतो. पाहणाऱ्याला वाटते, स्वारीला आनंदाश्चर्य झाले! आणि पाच वस्तू हव्यात म्हणून कोणी हाताची पाची बोटे फाकून पंजा दुकानदाराच्या तोंडासमोर धरला, तर मग काही विचारूच नये. भारतात तो पंजा आशीर्वादाचा समजला जाईल. ग्रीसमध्ये तो मोठा अपमान समजला जातो. पाच लिंबे मागावयास गेलेला मनुष्य नकळत दुकानदाराचा उद्धार करून येतो.

अशा खाचखळग्यांतून वाट काढीत मुंबईचा हा मुलगा ग्रीक भाषा शिकला. इतकी उत्तम शिकला की, पुढे त्याने ग्रीक कवितांची इंग्रजी भाषांतरे केली. पॅरिसला जाऊन त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि क्ष-किरणांच्या शास्त्रात प्रावीण्य मिळवून तो कॉर्फूला परतला. डॉक्टरी, काव्य, आकाशातील तारे आणि डबक्यातील सूक्ष्म जीव या चारही विषयांत त्याला सारखाच रस होता. कोणत्याही तळ्याकाठी तो शिंपल्यांइतकाच बाटल्या बाळगून बसलेला दिसावा, असा त्याचा छंद होता.

डॉ. स्टेफनिडीस बेटावर पक्के रुजले असताना, १९३५ च्या वसंत ऋतूत तेथे एक इंग्रज कुटुंब येऊन उतरले. डरेल हे त्यांचे आडनाव. कुटुंबात लुइझा नावाची विधवा आई आणि तिची चार मुले होती. या मंडळींना इंग्रज म्हणावयाचे ते वंशाने. आईचा जन्म रुडकीचा. थोरला मुलगा लॉरेन्स जालंधरला जन्मला, धाकटा जेराल्ड १९२५ साली जमशेदपूरला; मधला लेस्ली आणि मुलगी मार्गो यांचेही जन्म त्या काळच्या भारतातच झालेले. वडील अभियंते होते. १९२८ साली त्यांचे अकाली निधन झाले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. लोक त्याला मायदेशी परतणे म्हणत. पण जिचे सारे आयुष्य भारतात गेले, त्या बाईला तो देश परकाच होता. तेथील दमट थंडी आणि त्याहून थंड वाटणारे एकाकीपण तिला मानवेना. तेव्हा थोरल्या मुलाने सुचविले की, आपण कॉर्फूला जाऊन राहावे. त्याचा एक मित्र तेथे राहत होता आणि पत्रांतून बेटाचे गुणगान करीत होता. तेथे ऊन भरपूर होते आणि राहणी स्वस्त होती. एवढ्या भांडवलावर हे कुटुंब निघाले. त्या वेळी जेराल्ड दहा वर्षांचा होता. पुढे त्याने या दिवसांवर एक पुस्तक लिहिले आणि कुटुंबातील सर्वांच्या फजित्या जगाला खुल्या करून दिल्या.

पहिली पंचाईत घराची झाली. आईची अट एकच होती, ती म्हणजे घरात न्हाणीघर हवे. वाटाड्याने एकामागून एक घरे दाखविली. कुठे बाग सुंदर, कुठे समुद्र समोर. परंतु न्हाणीघर एकाही घरात नाही. वाटाड्याला या बाईच्या हट्टाचे मोठे नवल वाटले. घरासमोर एवढा समुद्र पसरलेला असताना आंघोळीसाठी निराळी खोली कशाला हवी, हे त्याला काही केल्या कळेना. दुसरे घर शोधावे म्हणून मंडळी रस्त्यावर आली, तो गावातील सर्व टॅक्सीवाल्यांनी त्यांना घेरले. जो तो आपल्या गाडीकडे ओढू लागला. त्या कोलाहलात स्पायरो नावाचा एक धिप्पाड टॅक्सीवाला गर्दी दुभंगीत पुढे आला आणि चक्क इंग्रजीत बोलू लागला. तो काही वर्षे अमेरिकेत राहून आला होता. त्याची इंग्रजी मोठी अजब होती. दिसेल त्या शब्दाला तो शेवटी ‘स’ जोडीत असे. मग तो शब्द एकवचनी असो की अनेकवचनी! पण व्याकरणाच्या या उणिवेने कोणाचे काहीच अडले नाही. त्याने न्हाणीघर असलेले घर शोधून दिले, जकातीत अडकलेले सामान सोडवून आणले, बाजारात प्रत्येक वस्तूचा भाव भांडून उतरविला, आणि पहिल्याच आठवड्यात तो या कुटुंबाचा टॅक्सीवाला न राहता पालक होऊन बसला. परक्या देशात कसे वाटते, हे तो स्वतः अमेरिकेत शिकून आला होता. म्हणूनच या परक्यांची दैना त्याला चटकन कळली.

स्पायरो हे नाव मात्र एका नव्या गोंधळाचे मूळ होते. संत स्पिरिडॉन हे कॉर्फूचे रक्षक संत मानले जातात. शहरातील त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये त्यांचा पार्थिव देह चांदीच्या पेटीत जपून ठेवलेला आहे, आणि वर्षातून चार वेळा त्याची शहरातून मिरवणूक निघते. या संतावर बेटवासीयांची इतकी भक्ती की, घरोघरी मुलग्यांना त्यांचेच नाव ठेवलेले आढळते. रस्त्यात ‘स्पायरो!’ अशी हाक मारावी, तर एकाच वेळी अनेक माना वळतात. एकदा दर्शनाच्या दिवशी आई आणि मार्गो गर्दीच्या रेट्याने चर्चमध्ये ओढल्या गेल्या. भाविक लोक संतांच्या चरणांचे चुंबन घेत होते. मार्गोला त्या दिवसांत चेहऱ्यावरच्या मुरुमांनी बेजार केले होते. संतकृपेने चेहरा निर्मळ होईल, या आशेने तिने सर्वांहून अधिक भक्तिभावाने चुंबन घेतले. तिच्या आधी शेकडो ओठ तेथे टेकले होते, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. दुसऱ्याच दिवशी ती इन्फ्लुएंझाच्या तापाने फणफणली. मुरूम होते तेथेच राहिले! यात संतांचा दोष काहीच नव्हता. दुसऱ्याच्या देवळात जाऊन पहिल्याच भेटीत वरदान मागणाऱ्या पाहुणीची ती घाई होती.

घरातील माणसांना बेटवासीयांच्या चालीरीती समजून घ्याव्या लागत होत्या. पण धाकट्या जेराल्डला त्याहून निराळ्या रहिवाशांचे वेड होते. कासवे, सरडे, घुबडाचे पिल्लू, जे सापडेल ते तो घरी आणी. एकदा बागेच्या जुन्या भिंतीत त्याला एक विंचवीण सापडली. तिच्या पाठीवर तिची पिल्ले दाटीवाटीने बसलेली होती. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी म्हण मराठीत आहे. तिचा मूर्तिमंत दाखला या मुलाच्या पुढ्यात उभा राहिला. त्याने ते सारे बिऱ्हाड एका काड्याच्या पेटीत उतरवून घेतले आणि पेटी घरात ठेवून दिली. नेमके जेवण आटोपल्यावर थोरल्या भावाने सिगारेट पेटविण्यासाठी तीच पेटी उचलली. पेटी उघडताच विंचवीण त्याच्या हातावर चढली. त्याने किंचाळून हात झटकला, आणि आई एकीकडे, पिल्ले दुसरीकडे अशी मेजावर पांगापांग झाली. मार्गोने विंचवावर म्हणून पाणी फेकले, ते आईला न्हाऊ घालून गेले. रॉजर नावाचा इमानी कुत्रा भुंकत धावला. शत्रू कोण हे न कळल्यामुळे त्याने बिचाऱ्या मोलकरणीच्या पायाचाच चावा घेतला. या गदारोळात एकटा जेराल्ड पिल्लांना कोणी चिरडू नये म्हणून धडपडत होता. खरे पाहता त्या दिवशी त्या मेजाभोवती दोन बिऱ्हाडे जमली होती. आणि दोघांचाही संसार पाठीवरच होता.

अशा मुलाला शाळेतील पाठ शिकविणे सोपे नव्हते. पण त्याला शिकविणाऱ्या एका गृहस्थाने युक्ती काढली. गणितातील रुपये-आणे जाऊन त्यांच्या जागी पाने खाणारे सुरवंट आले. नकाशात देशांच्या राजधान्यांबरोबर तेथील प्राणी काढले जाऊ लागले. इतिहासातील सेनापती हनिबल हाही त्याच्या हत्तींमुळे एकदम जिव्हाळ्याचा झाला. मुलाला धड्याकडे ओढण्याऐवजी धडाच मुलाच्या वाटेवर आणून ठेवला, तेव्हा शिक्षण आपोआप सुरू झाले.

याच गुरुजींनी जेराल्डची गाठ डॉ. स्टेफनिडीस यांच्याशी घालून दिली. जेराल्डला जमिनीत काही गोल झाकणासारख्या खुणा दिसल्या होत्या आणि त्यांचे कोडे त्याला उलगडत नव्हते. डॉक्टरांनी त्या बिजागरीच्या दाराच्या बिळात राहणाऱ्या कोळ्याच्या घराच्या खुणा असल्याचे समजावून सांगितले. पांढरपेशा, भारदस्त दाढीचा हा विद्वान दहा वर्षांच्या मुलाशी बरोबरीच्या संशोधकाशी बोलावे तसा बोलला. इतकेच नव्हे, तर त्यानंतर त्याने मुलासाठी एक लहानसे सूक्ष्मदर्शक यंत्र पाठवून दिले. मुंबईहून अकराव्या वर्षी आलेला परका मुलगा आता यजमान झाला होता, आणि नव्याने आलेल्या परक्या मुलाला तो बेटाचे दार उघडून देत होता.

डॉक्टरांचा आणखी एक गुण असा की, ते बेटावरील गमतीजमती मोठ्या गंभीर चेहऱ्याने सांगत. तेथील नाट्यगृहात झालेल्या ‘टोस्का’ या संगीतिकेची गोष्ट ते सांगत असत. शेवटी नायिका किल्ल्याच्या तटावरून उडी टाकून प्राण देते, असा प्रसंग आहे. पहिल्या रात्री तटाखाली मऊ काही टाकावयाचे राहून गेले, आणि मृत नायिकेच्या वेदनांनी नाट्यगृह दणाणले. दुसऱ्या रात्री व्यवस्थापकांनी इतक्या गाद्या रचल्या की, प्राण दिलेली नायिका उसळून पुन्हा तटावर दिसू लागली. अशा गोष्टी बेटवासी स्वतःच आपसांत चवीने सांगत. जे लोक स्वतःवर असे हसतात, ते पाहुण्याच्या फजितीला हसले, तरी त्या हसण्यात विष नसते.

ही सुखाची पाच वर्षे पुरती भरली नाहीत. १९३९ साली दुसऱ्या महायुद्धाचे ढग दाटून आले आणि कुटुंबाला बेट सोडावे लागले. डॉक्टरही युद्धात सैन्याचे वैद्यकीय अधिकारी झाले आणि पुढे लंडनला स्थायिक झाले. कॉर्फूच्या गोड्या पाण्यातील जीवसृष्टीवरचा त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावावरून काही सूक्ष्म जलचरांची शास्त्रीय नावेही ठेवण्यात आली.

जेराल्डचे पुस्तक १९५६ साली निघाले. ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ हे त्याचे नाव. म्हणजे घरच्या माणसांची गणतीही त्याने प्राण्यांतच केली! त्यात तिखटमीठ थोडे लावलेले आहे. पुस्तकातला थोरला भाऊ सर्वांबरोबर एकाच घरात राहून सदा कुरकुरत असतो. प्रत्यक्षात तो विवाहित होता आणि पत्नीसह बहुधा निराळ्या घरी राहत असे. परंतु एका गोष्टीत लेखकाने प्रामाणिकपणा कटाक्षाने पाळला आहे. पुस्तकात टर उडविली आहे ती मुख्यतः स्वतःच्या घरच्यांची. बेटावरील शेतकरी, मेंढपाळ आणि कोळी यांच्याविषयी लिहिताना त्याची लेखणी हसते, पण बोचत नाही. वडिलांविना वाढणाऱ्या, कोणत्याच देशाला घर म्हणू न शकणाऱ्या मुलाला ज्या लोकांनी आपल्या अंगणात खेळू दिले, त्यांचे ऋण तो विसरला नाही. पुढे १९५९ साली त्याने जर्सी या बेटावर प्राणिसंग्रहालय स्थापन केले आणि नामशेष होऊ पाहणाऱ्या प्राण्यांच्या रक्षणाला आयुष्य वाहिले. मनुष्याच्या लोभामुळे ज्यांना जगात जागा उरली नाही, अशा प्राण्यांना त्याने घर दिले. बेघर होण्याचे दुःख आणि पाहुणचाराचे सुख, ही दोन्ही त्याने बालपणीच पाहिली होती.

परक्या देशात गेलेल्या माणसाजवळ पैसा, विद्वत्ता किंवा ओळखीची पत्रे असली, तर त्यांचा उपयोग होतोच. पण आपले अज्ञान उघडे पडले असता खळखळून हसण्याची आणि लगेच योग्य शब्द विचारून घेण्याची तयारी त्याच्याजवळ नसेल, तर तो वर्षानुवर्षे राहूनही उंबरठ्याबाहेरच राहतो. १९६९ साली जेराल्डने कॉर्फूच्या आठवणींचे दुसरे पुस्तक लिहिले आणि ते मुंबईत जन्मलेल्या आपल्या वृद्ध मित्राला, डॉ. स्टेफनिडीस यांना, अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेत त्याने दोन गोष्टींबद्दल कृतज्ञता व्यक्त केली आहे. त्यांतील एक होती हसणे आणि दुसरी होती शिकणे.